वाफ होऊन गेलेल्या पाण्याचे मलनिस्सारण शुल्क: माझा अनुभव

आमच्या इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेची देखभाल माझ्याकडे आहे. इमारतीत येणारे सगळे पाणी शेवटी गटारातच जाते असे गृहीत धरून मलनिस्सारण शुल्क आकारले जाते. यंत्रणेचे गरम झालेले पाणी हवेने थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरमधल्या पाण्याचा मोठा भाग मात्र वाफ होऊन हवेत जातो. क्षारांचे प्रमाण ताज्या पाण्याच्या 4 पट होईपर्यंत पाणी फिरवले, तर आत घेतलेल्या 100 लिटरपैकी साधारण 75 लिटरची वाफ होते आणि मागे उरलेले क्षार साठलेले 25 लिटर पाणी ब्लोडाउन म्हणून गटारात सोडावे लागते. त्या 75 लिटरचे शुल्क वाचावे म्हणून मी सवलतीसाठी अर्ज केला. टॉवरला येणाऱ्या पाइपवर एक मीटर, ब्लोडाउनच्या पाइपवर दुसरा आणि दोहोंतला फरक म्हणजे वाफ, असा सरळ हिशेब होता. मीटर आणून बसवण्याचे काम लवकर उरकले.

घोडे अडले ते ब्लोडाउनच्या मीटरपाशी. तपासणीच्या दिवशी व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा आडव्या पाइपच्या तळातून पाण्याची पातळ धार वाहत होती आणि मीटरवरचा आकडा घटकेत शून्यावर, तर घटकेत भलताच वर जात होता. तपासणीला आलेल्यांनी त्यावर आक्षेप घेतला. आमच्यासारख्या विद्युतचुंबकीय मीटरला पाइप पूर्ण भरलेला लागतो, त्यामुळे तो आक्षेप रास्त होता आणि चूक आमची होती. पाइप खाली वळवून पुन्हा वर चढवला, त्या चढत्या भागात मीटर बसवला, त्याच्या दोन्ही बाजूंना पुरेशी सरळ लांबी ठेवली आणि पुन्हा अर्ज दिला. तो परत आला, कारण कॅलिब्रेशनचे, म्हणजे मीटरची अचूकता तपासल्याचे, प्रमाणपत्र जोडलेले नव्हते. ते जोडल्यावर तिसऱ्यांदा परत आला, कारण एका मीटरचे रीडिंग लिटरमध्ये आणि दुसऱ्याचे घनमीटरमध्ये लिहिले होते. या दोन्ही त्रुटी पहिल्या अर्जातही होत्या. त्या तेव्हाच एकत्र का कळवल्या नाहीत, याचा मला आजही संताप येतो. सवलत मंजुरीच्या तारखेपासून लागू होत असल्याने, सर्वाधिक वाफ होते तो सगळा उन्हाळा आमच्या हातून गेला. म्हणून मीटर विकत घेण्याआधीच लागणाऱ्या कागदपत्रांची यादी कार्यालयाकडून लेखी मागून घ्यावी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. टॉवरमधली पाण्याची पातळी राखणारा फ्लोट व्हॉल्व्ह अडकला की ओव्हरफ्लोचे, म्हणजे भरून वाहणारे, पाणी ब्लोडाउनच्या मीटरला वळसा घालून गटारात जाते आणि हिशेबात ते वाफ म्हणून धरले जाते. अशी खोटी सवलत घेणे मला पटत नाही, म्हणून आम्ही ओव्हरफ्लोची पाइप ब्लोडाउनच्या मीटरच्या आधी जोडून घेतली. मंजुरी हातात पडली तेव्हा मनावरचे मोठे ओझे उतरले. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन्ही मीटरचे फोटो एकापाठोपाठ काढून, सील शाबूत असल्याची नोंद मी स्वतः वहीत करतो.