माळ्यावर पेटी नाही

मंगळवार

माझ्या नव्या कादंबरीच्या हस्तलिखिताचा पहिला भाग वाचून पणजी शहरात राहणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. "सगळं जमलंय गं," म्हणाली, "पण चार पिढ्यांचं गुपित आहे आणि ते कुणाला सापडतच नाही. माळ्यावर एखादी पेटी सापडू दे की. पत्रांचं पुडकं, जुना फोटो, असं काहीतरी."

पेटी घालणार नाही. एक तर अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, कुळागरात, सुपारी-नारळाच्या बागेत, पावसाळाभर भिंतींना ओल धरून असणाऱ्या घरात, माळ्यावरचं पत्र शंभर वर्षं टिकेल हे मला पटत नाही. आमच्या आधी कसर आणि वाळवी ते वाचून संपवतात. दुसरं म्हणजे पत्रं कुणी कुणाला लिहायची? सगळी माणसं एकाच राजांगणाभोवती राहणारी. ज्यांना सांगायचं ती समोर आणि ज्यांच्यापासून लपवायचं तीही समोरच.

आणि कागदच हवा असेल तर गोव्यात त्यासाठी माळ्यावर चढावं लागत नाही. पोर्तुगीजांनी घराघरातलं सगळं लिहून ठेवलंय. 1867 चा त्यांचा नागरी कायदा इथे 1870 पासून लागू झाला आणि 1961 मध्ये राज्यकर्ते गेले तरी तो राहिला. घरातलं कुणी गेलं की इन्व्हेंतार. कर्त्याने, म्हणजे कागदोपत्रीच्या 'काबेसा द काजाल'ने, शपथेवर सांगायचं की वारस कोण कोण आणि मालमत्ता काय काय. मृत्युपत्राने माणूस फार तर अर्धं आपल्या मर्जीने देऊ शकतो. उरलेलं अर्धं वारसांचं, त्यात मुलीही आल्या. वारसा आणि इन्व्हेंतारासाठी गोवा विधानसभेने 2012 मध्ये आपला कायदा केला, त्यातही हा गाभा तसाच आहे. त्यामुळे जमिनीच्या वादात अडकलेल्या आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो आपल्या पणजोबांचे जावई नावानिशी सांगेल. पुण्या-मुंबईच्या माझ्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार, ती एक डोकेदुखी आहेच. कायदा समजावणारी कादंबरी कोण वाचणार!

पण अशा मुलखात गुपित राहतं कसं, तेच तर मला लिहायचंय.

बुधवार

आज थोरलीच्या प्रकरणाकडे परत गेले. (पात्रांना अजून नावं दिलेली नाहीत. थोरली बायको, धाकटी बायको, मुलगा. नाव ठेवलं की माझी पात्रं शहाणी होतात आणि नीट वागायला लागतात.)

थोरलीचा जन्म 1884 चा धरलाय. तीन मुली. 1914 मध्ये तिला तीस पूर्ण होतात आणि तिथूनच कादंबरी सुरू होते, कारण 1880 च्या डिसेंबरात गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींसाठी पोर्तुगीज सरकारने जो हुकूम काढला, त्यात पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करण्याची मुभा काही अटींवर ठेवली होती. पंचविशीपर्यंत तिला मूलच झालं नाही तर, किंवा तिशी गाठूनही मुलगा झाला नाही तर. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कायद्यात बाईचं वय असं लिहिलेलं असलं की घरातली प्रत्येक बाई ते मोजत असणार. सासू मोजणार, नणंदा मोजणार, ती स्वतः तर रोज मोजणार. तिसाव्या वाढदिवसाचा प्रसंग लिहायची गरजच नाही, कारण तेव्हा वाढदिवस कोण करत होतं? चैत्रातल्या हळदीकुंकवाला कुणीतरी सहज विचारतं, "तुझं तिसावं लागलं ना गो?" एवढं वाक्य पुरे.

मग धाकटी येते. तिलाही मूल होत नाही. आणि 1915 मध्ये घरात एक मुलगा येतो.

कुठून येतो, हे गावातल्या सुईणीला माहीत, भटजींना माहीत, कुळागरातल्या गड्यांना माहीत. म्हणजे गावाला माहीत. मुलाला मात्र पहिली पन्नास वर्षं कुणी सांगत नाही. मैत्रीण ज्याला गुपित म्हणते ते एवढंच आहे, आणि त्यात शोधण्यासारखं काही नाही. न बोलण्याचं काम कोण करतं, ते कुणाकडून कुणाकडे सोपवलं जातं आणि त्याची किंमत कुणी भरायची, एवढाच माझा विषय. हे काम बहुतेक बायकाच करत आल्या. पुरुष काही न बोलता सुपारीच्या भावाबद्दल बोलत असत.

गुरुवार

विशेष काही लिहून झालं नाही. दुपारी पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले होते. या ग्रंथालयाची सुरुवात 1832 ची. नाव कृष्णदास शामाचं, ज्याने 1526 मध्ये मराठीत कृष्णचरित्र लिहायला घेतलं. त्याच 1526 मध्ये पोर्तुगीजांनी गांवकऱ्यांच्या चालीरीती आणि महसूल लिहून काढणारा फोराल नावाचा दस्त केला. एकाच वर्षी एक जण देवाची कथा लिहीत होता आणि दुसरे शेतसाऱ्याचा हिशेब. आम्ही दोघांचेही वारस, म्हणून तर हे असं होतं.

वाचनकक्षात शेजारी एक तरुण मुलगा आजोबांचा जुना दस्तऐवज मोबाइलवर धरून अक्षरं मोठी करून बघत होता. पोर्तुगीज त्याला येत नव्हतं. मला तरी कुठे येतं? माझ्या कादंबरीतला मुलगा सेगुंदु ग्राव, म्हणजे पोर्तुगीज शाळेची दुसरी पायरी, पास, पोर्तुगीज फाडफाड बोलणारा. त्याच्या बापाचे हिशेब मोडीत. त्याचा मुलगा मुक्तीनंतर मराठी मास्तर होतो. नात इंग्रजीत शिकते. चार पिढ्या एका घरात, आणि आजोबाचा कागद नातवाला वाचता येत नाही. लपवायचे कष्ट कुणाला घ्यावेच लागले नाहीत. शाळा बदलली की काम झालं. नातीने इश्क्रितुरा, म्हणजे जमिनीचा दस्त, हातात घ्यावी, शेवटची सही तेवढी ओळखावी आणि कागद परत फाइलीत ठेवावा, असा एक प्रसंग ठरवलाय. उघड्या कागदासमोर तिला उभी करायची आणि काही होऊ द्यायचं नाही.

शनिवार

मुलाच्या आईचं प्रकरण. हे सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडतं.

ती देवळाजवळच्या घरातली, गाणारी, कलावंत समाजातली. जन्माच्या नोंदीत अशा मुलांच्या बापाच्या जागी 'पाय इंकॉग्नितु', बाप अज्ञात, असं लिहिलं जाई. माझ्या कादंबरीत मात्र बाप लिहिलेला आहे आणि आई दुसरीच आहे. नोंद उलटी झालीय. तिच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी वाढतोय तो आपला. तिथे या गोष्टीची कुजबुज होत नाही, मोठ्याने बोलतात. तिची आई चार बायकांत सांगते, नातू सोमवारी पालखीला आला होता, अंगाने भरलाय. त्या घराला लपवण्यासारखं काही नव्हतंच. गुपित भाटकाराच्या घराचं होतं आणि ओझं मात्र त्या घरावर टाकलेलं. हे मला फार उशिरा, तिच्या तोंडची वाक्यं लिहिताना दिसलं आणि मग पूर्ण प्रकरणाचा सूरच बदलला. ती रडत नाही. तिला राग आहे, आणि कामं आहेत.

त्या समाजातल्या माणसांनी पुढे काय केलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. गावांचीच नावं लावली आणि ती नावं एवढी मोठी केली की केरी, कुर्डी, मंगेशी ही गावं लोक त्यांच्यामुळे ओळखू लागले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर. माझ्या कादंबरीत मी गायिका प्रसिद्ध करणार नाही. प्रसिद्धी दिली की वाचकाला वाटतं, चला, भरपाई झाली.

1933 चं मात्र सोडवत नाही. त्या वर्षी देवस्थानांसाठी पोर्तुगीज सरकारचं रेग्युलामेंत, म्हणजे नियमावली, आलं, महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या हक्कदार घराण्यांच्या, याद्या, हक्क, कारभार सगळं कागदावर. महाजनकी बापाकडून मुलाकडे जाते. माझा मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा. यादीत त्याचं नाव घालायचं की नाही यावर देवळाच्या चौकात बैठक बसते आणि त्या बैठकीतला एकही माणूस विषयाचं नाव घेत नाही. पालखीच्या खांद्यांबद्दल बोलतात, समईच्या तेलाबद्दल बोलतात, मानाच्या नारळाबद्दल तासभर वाद घालतात. नाव यादीत जातं. लिहिताना मला हसू येत होतं, पण ते कौतुकाचं होतं की संतापाचं, सांगता येणार नाही. गावाने एक खोटं मिळून सांभाळलं, त्यात मुलाचं भलं झालं आणि आईचं नाव गेलं. दोन्ही खरं आहे. कादंबरीने निकाल देऊ नये असं म्हणतात, पण माझा कल कुठे आहे तो मला माहीत आहे.

एक फाटा: हे असं मिळून न बोलणं आम्हाला नवीन नाही. कुंकळ्ळीला शिगम्यात शांतादुर्गेच्या सांत्र्यांची मिरवणूक निघते, बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या, त्यात तिथले ख्रिस्ती भाऊबंदही असतात. देवी फातर्प्याला गेली, काही घरं तिच्यामागे हिंदू राहिली, काही ख्रिस्ती झाली, पण वांगड कुणाचा कोणता ते दोघांनाही पाठ. वर्षभर त्यावर कुणी भाषण करत नाही. छत्रीखाली यायचं तेव्हा येतात. पुढचं प्रकरण यावर लिहावं असा मोह होतोय, पण ती दुसरी कादंबरी.

रविवार

काकींकडे जेवायला गेले. वय ऐंशीच्या पुढे, पण खतखतं अजून स्वतः करतात आणि त्यात तिरफळं मोजून घालतात. जेवणानंतर विषय काढला. कादंबरीचं नाव काढलं की त्या आधी एकच म्हणतात, "सोड गो तें." मग स्वतःच सुरू होतात.

त्यांच्या माहेरी चवथीला एक गृहस्थ यायचे. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या मांडवीचं, सामान घेऊन यायचे, कात्रे, कांगलां, घागऱ्यो, जे बाजारात मिळत नाही ते रानातून आणायचे. गणपतीला नमस्कार करायचे आणि जेवायला बसायचे. घरच्या पंगतीत नाहीत, गड्यांच्या पंगतीतही नाहीत. वसरीवर, एकटे, पाट घालून. पण नेवऱ्या त्यांच्या ताटात आधी, घरच्यांच्या नंतर.

"ते कोण, असं कधी विचारलं नाही तुम्ही?"

"विचारायचं कशाला? आईने वाढायला पाठवलं तेव्हा सांगितलं, त्यांना आधी वाढ आणि ताट रिकामं दिसू देऊ नकोस. एवढं ऐकलं की मुलीला कळतं."

"आणि तुमच्या भावांना?"

"भावांना वाढायला कोण पाठवत होतं!"

मी जे लिहून काढायला धडपडत होते ते काकींनी सुपारी कातरता कातरता सांगून टाकलं. मुलींना कळत गेलं कारण त्या वाढत होत्या, मुलगे जेवत राहिले. माझ्या कादंबरीतला मुलगा पन्नास वर्षं अंधारात का राहतो, याचं उत्तर मी मानसशास्त्रात शोधत होते. त्याला कधी कुणी वाढायला पाठवलं नाही, एवढंच.

घरी येऊन मैत्रिणीला कळवलं. पेटी नाही, आणि गुपितही पहिल्याच पानावर फोडून टाकतेय: मुलगा कुणाचा, कधी आणला, सगळं. ती चिडली. "मग वाचक पुढे वाचेल कशासाठी?" मी म्हटलं, घरच्यांना माहीत असतानाही ते एकमेकांशी कसं वागतात हे बघायला. वाचकालाही पंगतीत बसवायचं, त्यालाही माहीत असू दे आणि त्यालाही बोलता येऊ नये. ती म्हणाली, वंशवृक्ष तरी दे सुरुवातीला, नाहीतर चार पिढ्यांत गोंधळ होतो. ते तिचं बरोबर आहे. पण वंशवृक्ष काढायचा तर त्या रेषेचं काय करायचं, ती तुटक काढायची की सरळ? नातीच्या हस्ताक्षरात, शाळेच्या वहीतला, अर्धवट काढलेला द्यावा असं सध्या वाटतंय.

झोपायच्या आधी काकींचा फोन. एक सांगायचं राहिलं म्हणाल्या. त्यांचे वडील गेले तेव्हा त्या गृहस्थांच्या घरीही दहा दिवस सुतक पाळलं होतं, दार लावून. त्यांच्या बायकोने दहा दिवस देवाचा दिवा लावला नाही, हे शेजारणीने बघितलं आणि काकींच्या आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि अकराव्या दिवशी तिकडे तांदूळ आणि नारळ पाठवले.

हे 1961 च्या प्रकरणात जाणार. माझ्या कादंबरीत मुलाची खरी आई त्या डिसेंबरात जाते. मुलगा तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा. त्याची बायको त्याला न सांगता घरात सुतक पाळते की त्याला सांगून, ते अजून ठरत नाही. न सांगता पाळायचं तर दहा दिवस देवपूजा टाळायला तिला काय सबब मिळेल? विटाळ चार दिवसांचा असतो, तो पुरत नाही. उद्या काकींनाच विचारते.