शून्य बाइटची डिस्क

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवणं आता इतकं सोपं झालंय की त्यासाठी मला बोलावणं येतं तेव्हा काहीतरी विचित्रच असतं. या वेळी एका संस्थेचा बॅकअप सर्व्हर होता. यंत्र जुनं पण दणकट, आठ डिस्कची जागा, त्यातल्या दोन डिस्क नुकत्याच बसवलेल्या. नुकत्याच बसवलेल्या म्हणजे नव्या नव्हेत, दुसरीकडून काढून आणलेल्या. हे मला दुपारपर्यंत कुणी सांगितलं नाही.

लक्षण असं की इन्स्टॉलर, म्हणजे लिनक्स बसवून देणारा प्रोग्रॅम, सुरू होतो, भाषा विचारतो, डिस्क तपासतोय म्हणून सांगतो आणि कोसळतो. पडद्यावर भलामोठा पायथन ट्रेसबॅक (प्रोग्रॅम कुठे अडला त्याचा माग) आणि बाहेर पडण्याचं बटण. मी पोचेपर्यंत तिथल्या मंडळींचे नेहमीचे उपाय करून झाले होते. पेन ड्राइव्ह बदलला, आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) पुन्हा उतरवली, मेमरी तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला. इन्स्टॉलर पडला की दोष पेन ड्राइव्हचा, ही आमच्या धंद्यातली पक्की श्रद्धा आहे. फाइल धड उतरल्याची खात्री देणारा चेकसम जुळत असल्याचं त्यांनी स्वतःच कागदावर लिहून ठेवलं होतं, तरीही पेन ड्राइव्ह बदलणं चालूच.

बाहेरच्या माणसाला वाटतं की आपण जी डिस्क निवडू तेवढीच इन्स्टॉलर बघत असेल. प्रत्यक्षात तो आधी यंत्रातलं यच्चयावत सगळं चाळतो आणि मगच तुम्हाला विचारतो. फेडोरा या लिनक्सचा इन्स्टॉलर अॅनाकोंडा हे काम ब्लिव्हेट नावाच्या मदतनीस प्रोग्रॅमकडून करून घेतो, उबंटूचा सबिक्विटी प्रोबर्टकडून. कार्ड नसलेला कार्ड रीडर, दूरस्थ कन्सोलने जोडलेली आभासी फ्लॉपी, ईएमएमसी या साठवणीच्या चिपमधले बूट-० आणि बूट-१ हे चिमुकले भाग, कधीकाळी मोडलेल्या रेडच्या (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याच्या मांडणीच्या) खुणा, या सगळ्यांची विचारपूस होते. त्यातल्या एकाने जरी तिरपागडं उत्तर दिलं आणि ते उत्तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या कल्पनेत नसलं, की खेळ खलास. ज्या डिस्कला तुम्ही हातही लावणार नव्हता ती तुमचं इन्स्टॉलेशन पाडते.

माझा पहिला संशय नेहमीच्या गुन्हेगारावर, जुन्या रेडच्या खुणांवर. 'आम्ही डीडीने डिस्क साफ केल्यात,' असं तिथला अॅडमिन ठामपणे म्हणाला. डीडी या कॉपी करणाऱ्या आज्ञेने, म्हणजे सुरुवातीचे काही मेगाबाइट शून्याने भरून. हा प्रकार मला फार छळतो. एमडी रेडचा, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या रेडचा, सुपरब्लॉक (रेडची माहिती लिहिलेली खूण) १.२ आवृत्तीचा असेल तर डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबीवर असतो, तो पुसला जातो. पण ०.९० आणि १.० या आवृत्त्यांचा सुपरब्लॉक डिस्कच्या शेवटाला असतो. जीपीटीची, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या तक्त्याची, दुसरी प्रत शेवटच्या सेक्टरांत असते (सेक्टर म्हणजे डिस्क वाचण्या-लिहिण्याचा सर्वात छोटा तुकडा). झेडएफएस ही फाइल सिस्टीम तर चार लेबलं लिहून ठेवतं, दोन पुढे आणि दोन मागे. पुढचं दार धुवून मागचं उघडं टाकायचं आणि वर म्हणायचं घर साफ केलं! वाइपएफएस हा खुणा पुसणारा प्रोग्रॅम नुसता चालवला तर काहीही न पुसता सापडलेल्या खुणांची यादी देतो. तेवढं बघायला कुणाला वेळ नसतो.

एका डिस्कच्या शेपटाला १.० चा सुपरब्लॉक खरंच सापडला. तो पुसला, इन्स्टॉलर पुन्हा चालवला. त्याच ओळीवर कोसळला.

आता ट्रेसबॅककडे. त्याची शेवटची ओळ एवढंच सांगत होती की जिथे आकडा हवा होता तिथे काहीच मिळालं नाही. कोणत्या डिस्कबद्दल, याचा पत्ता नाही. अशा वेळी ट्रेसबॅकशी झटत बसू नये. दुसऱ्या कन्सोलवर जावं आणि स्टोरेज लॉगची (डिस्क तपासणीच्या नोंदींची) शेपटी वाचावी, कारण कोसळण्याआधी इन्स्टॉलर शेवटी कुणाशी बोलत होता ते तिथे लिहिलेलं असतं. नाव होतं एसडीजी, म्हणजे लिनक्सच्या मोजणीतली सातवी डिस्क.

डिस्कची यादी देणारं एलएसबीएलके चालवलं. एसडीए ते एसडीएफ, सहा डिस्क. एसडीजी नाहीच. यंत्राच्या तोंडाकडे पाहिलं तर आठही दिवे लागलेले. डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या यादीतही आठ.

इथे एलएसबीएलकेची एक खोड आडवी येते. ज्या उपकरणाचा आकार शून्य, ते तो दाखवतच नाही. सगळं दाखव म्हणून वेगळा पर्याय द्यावा लागतो. तो दिल्यावर एसडीजी आणि एसडीएच उगवल्या, दोन्ही शून्य बाइटच्या. सेक्टर किती बाइटचा म्हणून विचारलं तर उत्तर ५१२, म्हणजे अगदी सज्जन. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांत मात्र एक मुकाट ओळ पडून होती: ५२० हा सेक्टर आकार चालत नाही.

मग मी एक डिस्क तिच्या ट्रे-सकट बाहेर ओढली. लेबलवर डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं नाव बारीक आणि स्टोरेज ॲरे (अनेक डिस्क भरलेलं साठवणीचं यंत्र) विकणाऱ्या कंपनीचं नाव ठळक. कोपऱ्यात पेनाने लिहिलेला एक कप्पा क्रमांक. कुठल्या तरी मोठ्या ॲरेमधून काढलेली डिस्क.

असे ॲरे बरेचदा दर ५१२ बाइट माहितीमागे आणखी ८ बाइट ठेवतात. त्या आठांत तपासणीची बेरीज वगैरे असते, म्हणजे माहिती वाटेत बिघडली तर कळावं. घरगुती संगणकांतल्या साटा डिस्कमध्ये ही भानगड नसते. सर्व्हरसाठीच्या सॅस आणि फायबर चॅनेलवाल्या डिस्कचा सेक्टर मात्र ५१२ ऐवजी ५२० बाइटचाही करून घेता येतो. लिनक्सला यातलं ५२० पचत नाही, ४०९६ बाइटच्या पानाला (कर्नल मेमरी अशा तुकड्यांत वापरतो) ५२० ने नि:शेष भागच जात नाही. म्हणून कर्नल काय करतो, तर क्षमता शून्य लावतो आणि सेक्टर आकाराच्या जागी खोटाच ५१२ लिहितो, जेणेकरून वरच्या थरांचा गोंधळ होऊ नये. कर्नलच्या बाजूने हे शहाणपणाचं आहे. पण त्या ५१२ वर विश्वास ठेवून माझ्यासारखा माणूस भलतीकडे शोधत बसतो, त्याचं काय? खरा आकडा एसजी-रीडकॅप या प्रोग्रॅमने मिळाला, कारण तो थेट डिस्कलाच विचारतो.

खात्री करायला दोन्ही डिस्क सिसएफएस या कर्नलच्या नियंत्रण-फाइलींतल्या डिलीट फाइलमध्ये १ लिहून कर्नलच्या नजरेआड केल्या आणि तपासणी पुन्हा चालवली. इन्स्टॉलर सुरळीत पुढे गेला.

मधल्या वेळात अॅडमिनने शेजारच्या टेबलावर दुसऱ्या डिस्ट्रोचा (लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराचा) पेन ड्राइव्ह तयार केला होता. यंत्र पुन्हा चालू करून तो लावला. हा इन्स्टॉलर कोसळला नाही. सहा डिस्कची यादी मांडून शांतपणे पुढचं विचारू लागला.

"बघा सर, हा चालतो. हाच टाकूया ना?"

"आणि उरलेल्या दोन डिस्क?"

"त्या नंतर बघू की."

नंतर कोण बघणार होतं? सहा महिन्यांनी जागा भरली असती आणि दिवे लागलेल्या दोन डिस्क का वापरात नाहीत म्हणून कुणीतरी मलाच फोन केला असता.

डिस्क ५१२ वर आणायच्या तर एसजी-फॉरमॅट हा प्रोग्रॅम चालवायचा, आणि त्यात आतलं सगळं जाणार. मी विचारलं, यात कुणाचं काय आहे? 'आम्हाला तशाच मिळाल्यात,' एवढंच उत्तर. ॲरेमधली सुटी डिस्क वाचून फारसं काही हाती लागत नाही हे खरं, पण न पुसता डिस्क वाटणाऱ्यांना काय म्हणावं? मी लेखी होकार मागितला. त्याला ते थोडं लागलं, पण त्याने दिला.

एसजी-फॉरमॅट सुरू करताना पंधरा, दहा, पाच सेकंद असे तीन इशारे देतो, सगळं नष्ट होईल म्हणून. मग तासन्‌तास टक्के मोजतो. मध्येच वीज गेली तर डिस्क 'फॉरमॅट बिघडला' असं म्हणत बसते आणि पहिल्यापासून सगळं करावं लागतं. यूपीएसची वायर मी स्वतः बघून आलो. सर्व्हरखोलीत त्या वायरीवर भरवसा ठेवू नये. संध्याकाळी उशिरा आठही डिस्क यादीत आल्या आणि पहिलाच इन्स्टॉलर बसला.

बग मी पहिल्या इन्स्टॉलरच्या कर्त्यांकडे नोंदवला, लॉगसकट. मागणी एवढीच होती की कोसळू नका, पण यादीत एक करडी ओळ दाखवा: ही डिस्क आहे, सेक्टर ५२० बाइटचा आहे, म्हणून वापरता येत नाही. उत्तर लवकर आलं आणि सभ्य होतं. शून्य आकाराची उपकरणं यापुढे तपासणीतून वगळली जातील, पॅच, म्हणजे तशी दुरुस्ती, तयार आहे. मी पुन्हा लिहिलं की वगळू नका, दाखवा. त्यावर अजून काही आलेलं नाही, आणि पॅच पुढच्या आवृत्तीत जातोय.