हेगचे व्याख्यानपीठ आणि पेशव्यांच्या सनदा

राष्ट्राराष्ट्रांमधील कायदा करणारे एखादे विधिमंडळ नाही. तो करारांतून आणि राज्यांच्या वहिवाटीतून घडतो, आणि या दोहोंचा अर्थ स्पष्ट होत नाही तेव्हा न्यायाधीश प्राध्यापकांच्या ग्रंथांकडे वळतात. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील, म्हणजे त्याच्या मूळ नियमावलीतील, ३८ व्या कलमाने तर निरनिराळ्या राष्ट्रांतील सर्वांत अधिकारी विद्वानांच्या लेखनाला कायद्याचे नियम ठरवण्याचे दुय्यम साधन म्हणून स्थान दिले आहे. त्यामुळे हे विद्वान कोणत्या संस्थांत घडतात आणि तिथे कोणाचा इतिहास शिकवला जातो, हा प्रश्न मला नुसता शैक्षणिक वाटत नाही.

या संस्थांमध्ये नेदरलँड्समधील हेगची आंतरराष्ट्रीय कायद्याची अकादमी अग्रगण्य मानली जाते. कार्नेगी एन्डोमेंट या अमेरिकी संस्थेच्या पाठबळाने ती १९२३ मध्ये सुरू झाली, आणि ज्या पीस पॅलेसमध्ये न्यायालय भरते त्याच्याच आवारात तिचे वर्ग चालतात. उन्हाळ्यात तीन आठवडे सार्वजनिक (राज्याराज्यांमधील) आणि तीन आठवडे खासगी (निरनिराळ्या देशांतील व्यक्तींच्या व्यवहारांच्या) आंतरराष्ट्रीय कायद्यावर इंग्रजी किंवा फ्रेंचमधून व्याख्याने होतात. ती पुढे ग्रंथरूपाने छापली जातात. त्या मालेचे आजवर चारशेहून अधिक खंड निघाले आहेत. खटल्यांच्या लेखी निवेदनांत वकील हे खंड आधारासाठी उद्धृत करतात. म्हणजे एका उन्हाळ्यात वर्गात मांडलेले मत काही वर्षांनी शेजारच्याच इमारतीत युक्तिवाद म्हणून उभे राहू शकते.

अध्यापन आणि वकिली यांचे हे नाते महाराष्ट्राशी संबंधित एका खटल्यात फार स्पष्ट दिसते. भारतीय भूमीने वेढलेले दादरा आणि नगर हवेली हे प्रदेश १९५४ मध्ये पोर्तुगिजांच्या हातून गेल्यानंतर पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये भारताविरुद्ध हेगच्या न्यायालयात दावा दाखल केला आणि किनाऱ्यावरील आपल्या ताब्यातील दमणहून या प्रदेशांत जाण्याचा हक्क मागितला. भारताच्या बाजूने ऑक्सफर्डचे प्राध्यापक वॉल्डॉक उभे होते, तसेच पॉल गुगेनहाइमही. पोर्तुगालच्या बाजूने मॉरिस बुर्कँ होते. गुगेनहाइम आणि बुर्कँ हे दोघेही जिनिव्हाच्या एकाच उच्च अध्ययन संस्थेत शिकवत होते. या दोन सहकाऱ्यांच्या वादाचा विषय होता १७७९ चा पेशवे-पोर्तुगीज तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तो तह वैध मानला, पण त्याने या प्रदेशांतील गावांवरील सार्वभौमत्व दिले गेले, हे मान्य केले नाही. मराठ्यांना प्रदेश कायमचा तोडून द्यायचा असे तेव्हा ते आपल्या तहांत तसे शब्द घालत. इथे मात्र वर्षाला १२,००० रुपयांच्या महसुलाची सरंजामी, म्हणजे महसूल घेण्याचा हक्क, तेवढी दिली होती, असे न्यायालयाने म्हटले. पुढे इंग्रजांच्या काळात आणि नंतर भारताच्या काळातही पोर्तुगालची सत्ता प्रत्यक्षात मान्य झाल्याचे धरून खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क न्यायालयाने मान्य केला, सैन्य आणि शस्त्रे यांच्यासाठी तो नाकारला, आणि १९५४ मध्ये वाट अडवून भारताने कोणतेही कर्तव्य मोडले नाही, असा निर्णय दिला. पुण्यातील कारभाऱ्यांनी ठरवलेल्या अटी जागतिक न्यायालयाने इतक्या बारकाईने तपासाव्यात, हे मला आजही विलक्षण वाटते.

त्याच १९६० साली सी. एच. अलेक्झांड्रोविच यांनी हेगच्या अकादमीत सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय आणि दक्षिण आशियाई सत्तांच्या तहांवर व्याख्याने दिली. ते मूळचे पोलंडचे, पण तेव्हा मद्रास विद्यापीठात शिकवत होते. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विद्वानांनी आशियाई राज्यांना राष्ट्रांच्या कुटुंबाबाहेर लोटले. त्याआधी मात्र तीच युरोपीय राज्ये या सत्तांशी बरोबरीच्या नात्याने तह करीत होती, हे त्यांनी मूळ दस्तऐवजांच्या आधारे मांडले. माझ्या मते हेगच्या व्याख्यानपीठाचा इतका मोलाचा उपयोग फार थोड्यांनी केला असेल. दिल्लीत १९५९ मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय कायदा सोसायटी स्थापन झाली, आणि भारतीय कायदेपंडित आर. पी. आनंद यांनी नवस्वतंत्र राष्ट्रांच्या बाजूने याच कायद्याची फेरमांडणी केली. पुढे तिसऱ्या जगाच्या दृष्टीने हा कायदा वाचणाऱ्या अभ्यासकांची जी पिढी उभी राहिली, तिला या दोघांच्या कामाचा मोठा आधार मिळाला.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा व्यवहारांचे मोडी कागद प्रचंड संख्येने आहेत. इतिहासाचे अभ्यासक ते वाचतात. कायद्याचा विद्यार्थी मात्र क्वचितच तिकडे फिरकतो, कारण त्याला मोडी येत नाही आणि त्या कागदांत आपल्या विषयाचे काही असेल असे त्याला कोणी सांगितलेलेही नसते. विधी महाविद्यालयांनी इतिहास विभागांना सोबत घेऊन मराठ्यांच्या तहांवर एक अभ्यासक्रम चालवावा आणि त्याची सुरुवात १७७९ च्या तहापासून करावी, असे मला मनापासून वाटते. त्या तहावर हेगमध्ये झालेले युक्तिवाद आणि निकाल छापील स्वरूपात उपलब्ध आहेत.