तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःला फ्लॅक, आम्हाला एमपी३?

घरोघरच्या आरत्या-भजनांचं रेकॉर्डिंग मी करून देतो, आणि दर चवथीनंतर तोच प्रश्न येतो: "तुम्ही स्वतःकडे फ्लॅक ठेवता, मग आम्हाला मात्र जुनं एमपी३ का?" फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता आवळलेली फाइल; एमपी३ त्याहून लहान, पण काही आवाज गाळून केलेली. चांगलं ते मी दाबून ठेवतो, असा सूर असतो त्यात. तो लागतो मला.

एमपी३ देतो, कारण ते वाजतं. मांडवातला स्पीकर असो की जुन्या गाडीतला प्लेअर, पेनड्राइव्ह लावला की सुरू. २०१२ साली आलेलं ओपस, एमपी३सारखंच पण नवं, कमी जागेत जास्त स्वच्छ वाजतं, हे मलाही मान्य आहे. फोंड्याजवळच्या एका मांडवात मी ते हौसेनं दिलंही होतं. ऐन वेळी स्पीकर गप्प, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

आता फ्लॅकचं. २००७च्या चवथीला बाबांची घुमट आरती मी रेकॉर्ड केली. घुमट म्हणजे एका तोंडाला चामडं लावलेलं मातीचं वाद्य. साथीला शामेळ हे तालवाद्य, कासाळे म्हणजे झांजा, आणि मधोमध बाबा. डावा तळवा घुमटाच्या मागच्या तोंडावर, झाकतोय, उघडतोय. उजव्या हाताची बोटं चामड्यावर. दोन तासांची वेव्ह, म्हणजे अजिबात न आवळलेली, फाइल सव्वा जीबीची झाली. माझी ८० जीबीची डिस्क भरत आली होती. मी १२८ केबीपीएसवर, म्हणजे बरंच आवळून, एमपी३ केलं, ११५ एमबी झालं. टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर ऐकलं, फरक कळला नाही. वेव्ह पुसून टाकली.

बाबा २०११ला गेले. वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री ती फाइल पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकली. घुमटाचा घुमारा शाबूत होता. पण प्रत्येक थापेच्या आधी बारीक 'स्स्' यायचं. एमपी३ आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून ते आवळतं. थाप जोरकस असली की तिचा गाळ अख्ख्या तुकड्यात पसरतो, थापेच्या अगोदरही. कासाळे तर पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे. बाबांची थाप आम्ही माजघरातून ओळखायचो ती तिच्या धारेवरून. तीच धार बोथट झाली होती.

जागा नव्हती, असं मी कितीतरी वर्षं सांगत आलो. खरंच नव्हती? सव्वा जीबी म्हणजे दोन सीडी. बाजारात मिळत होत्या. फ्लॅक तर २००१पासून होतं, फुकट होतं. आवाजातलं काहीही न गमावता फाइल निम्म्याच्या आसपास आली असती. मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मी कुणाला विचारलंही नाही, हेही तितकंच खरं. आणि त्या सीडी आजवर टिकल्या असत्या का, तेही सांगता येत नाही.

"मग त्याचंच आता फ्लॅक करा ना," असंही सुचवतात. फाइल फुगेल, गेलेलं परत येणार नाही.

तुमचं फ्लॅक माझ्याकडे आहे ते यासाठी. मोठा पेनड्राइव्ह आणा, आजच घेऊन जा. एमपी३ मात्र मी त्याच्यासोबत देणारच.

गेल्या महिन्यात बहीण म्हणाली, "दादा, फोनमध्ये जागा नाही, बाबांची आरती ओपस करून दे." त्यात आणखी थोडं गेलं असतं. मी तिच्या फोनमधले जुने व्हिडिओ काढून जागा केली आणि ती ११५ एमबीची फाइल होती तशीच घातली.