अर्ध्यावर अडकलेली पट्टी

सोलापुरात नवी पेठेतल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, क्वचितच येतो. दिवसभर फोनच. फुटलेले डिस्प्ले, फुगलेल्या बॅटऱ्या, बादलीत पडलेले. त्यामुळे एप्रिलमधल्या एका दुपारी पूर्व भागातले निवृत्त मुख्याध्यापक रुमालात गुंडाळलेलं यंत्र घेऊन आले, तेव्हा आमच्या पोराने ते टॅब समजूनच हातात घेतलं.

"दादा, हे तर चालू हाय की. चित्र दिसतंय नव्हं."

चित्र दिसत होतं खरं. कंपनीचं नाव आणि त्याखाली अर्ध्याच्या जरा पुढे येऊन थांबलेली पट्टी. सर म्हणाले, "किती दिवस झाले, पट्टी तिथंच आहे. बटण दाबून झालं, रात्रभर चार्जरला लावून झालं." एका दुकानात त्यांना बोर्ड गेला म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्याने उघडून बघतो म्हटलं, तसे सर उठून आले. उघडू दिलं नाही ते फार बरं केलं. यांतल्या बहुतेक यंत्रांचा पडदा पातळ काचेवर बसवलेला असतो. चौकट काढायला घाईने पत्ती घातली की कोपऱ्यातून तडा जातो, आणि मग दुरुस्तीपेक्षा नवीन घेतलेलं परवडतं.

पोराला म्हटलं, चित्रावर जाऊ नको. फोनच्या पडद्याला चित्र टिकवायला सतत वीज लागते, या पडद्याला लागत नाही. आत अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांत उलट्या विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण. विजेचा धक्का दिला की काळे वर येतात किंवा पांढरे, आणि पुढचा धक्का मिळेपर्यंत जिथल्या तिथे राहतात. म्हणून तर एका चार्जिंगवर आठवडेच्या आठवडे वाचता येतं. पण त्याची दुसरी बाजू अशी की सुरू होता होता बॅटरी संपली, तर पडदा शेवटचं चित्र धरून बसतो. यंत्र बंद पडलेलं असतं आणि माणसाला वाटतं, अडकलंय.

आता हे बंद आहे की खरंच अडकलंय, हे पडदा सांगणार नाही. मी चार्जर आणि यंत्र यांच्यामध्ये किती वीज जाते ते दाखवणारा यूएसबी मीटर लावला. व्होल्ट पाच, अँपिअर शून्य. म्हणजे रात्रभर लावलेल्या चार्जरमधून आत काहीच गेलं नव्हतं. पोराचं निदान तयार होतं: सरांच्या भाच्याच्या फास्ट चार्जरने जळालं. हा समज आमच्या धंद्यातही पक्का बसलाय. वास्तविक फास्ट चार्जर आधी समोरच्या यंत्राशी बोलणी करतो. उत्तर आलं नाही तर तो मुकाट्याने पाच व्होल्टच देतो, आणि यंत्र आपल्याला हवा तेवढाच प्रवाह ओढतं.

भिंगाच्या दिव्याखाली चार्जिंगचं तोंड धरलं आणि सरांना विचारलं, "घराशेजारी माग आहेत का?"

"शेजारी कशाला, भिंतीपलीकडंच. भावाचे. चार्जिंगचा स्विचबोर्ड त्याच खिडकीत आहे."

पूर्व भागातले फोन आम्ही उघडण्याआधीच ओळखतो. यंत्रमागावर चादरी-टॉवेल विणताना सुताचा बारीक भुगा उडतो, आणि प्रत्येक वेळी पिन खुपसली की तो आणखी आत ठासला जातो. वर्षा-दोन वर्षांत तळाशी घट्ट गादी तयार होते. पिन वरवर बसल्यासारखी वाटते, पण टेकत नाही. पातळ प्लॅस्टिकच्या काडीने मी तो भुगा थोडा थोडा उकरून काढला. टाचणी कधी घालायची नाही, आतली पट्टी वाकते. निघालेला भुगा गुलाबी होता. सरांनी चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, "मागच्या महिन्यातला टॉवेलचा माल."

आता मीटरने पॉइंट झिरो नाइन अँपिअर दाखवलं. पोराला ते कमी वाटलं, मला हायसं वाटलं. लिथियमची बॅटरी तीन व्होल्टच्या आसपास किंवा खाली उतरली की आतली चार्जिंगची चिप आधी अगदी थोडा प्रवाह सोडते. फार दिवस उपाशी राहिलेल्याला थेट भाकरी देत नाहीत, आधी पेज देतात, तसंच. बॅटरी सावरली की चिप आपणहून प्रवाह वाढवते. तोवर बटण दाबायचं नाही. दाबलं की यंत्र उठायचा प्रयत्न करतं, जमलेलं तेवढं खर्च करतं आणि पट्टीवर येऊन पुन्हा कोसळतं. भुग्याने वाट पुरती बंद होण्याआधी सरांकडे हेच चाललेलं असणार.

आणि नेमकी वीज गेली. सोलापूरचा एप्रिल, पत्र्याचं छत, पंखा बंद. यंत्र पॉवर बँकेला लावलं तर अर्ध्या-एक मिनिटात पॉवर बँकच बंद होऊ लागली. इतका कमी प्रवाह जातोय म्हटल्यावर तिला वाटतं, फोन भरला. पुन्हा लावा, पुन्हा बंद. शेवटी तिच्याच दुसऱ्या भोकात टेबलावरचा छोटा यूएसबी पंखा लावला. पंखा वीज खात राहिला, पॉवर बँक जागी राहिली, ई-रीडरला त्याचं थेंबथेंब मिळत राहिलं. वारा सरांना.

सर बसून होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक टाइप वाचवत नाही, यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून त्यांच्या मुलाने पुण्याहून पाठवलेलं. वाचताना ते ओळींवर खुणा करायचे, टिपणं लिहायचे. "बाकी गेलं तरी चालेल, ती टिपणं राहू द्या," एवढंच त्यांचं मागणं होतं. म्हणूनच सरसकट रिसेट मारणाऱ्यांचा मला राग येतो. रिसेटने यंत्र सुरू होतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि घरी गेल्यावर त्याला कळतं की आपलं होतं ते सगळं पुसलं.

संध्याकाळी मीटर पॉइंट फाइव्हच्या पुढे गेला. मग बटण चाळीस सेकंद धरून ठेवलं. पडदा काळा झाला, पांढरा झाला, पट्टी अर्धं ओलांडून शेवटपर्यंत गेली आणि पुस्तकांची यादी आली. सर उठून उभे राहिले. तेवढ्यात यादी गोठली आणि यंत्र आपणहून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

म्हणजे दुखणी दोन होती. यादी दिसते ती दोन-तीन मिनिटं, तेवढ्यात संगणकाला जोडायचं होतं. सरांची केबल कुठल्याशा ट्रिमरसोबत आलेली. तिच्यात चार्जिंगच्या दोनच तारा, डेटाच्या नाहीतच, त्यामुळे संगणकाला काहीच दिसेना. माझी केबल लावल्यावर ड्राइव्ह उघडला. आधी टिपणांची फाइल आणि पुस्तकं पेनड्राइव्हवर घेतली, मग बाकीचं पाहिलं. जागा जवळजवळ संपलेली, आणि जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅनची एक अगडबंब पीडीएफ अर्धवट कॉपी झालेली. भाच्याने चालू कॉपीत केबल ओढली होती, हे सरांना तेव्हा आठवलं. यंत्र उठल्यावर शोधासाठी प्रत्येक फाइलची सूची बनवतं. त्या तुटक्या फाइलपाशी आलं की कोलमडायचं, परत उठायचं, परत तिथंच. या खटाटोपात बॅटरी तळाला गेली, आणि भुग्यामुळे भरायची वाटही बंद. ती पीडीएफ काढली, ड्राइव्हची तपासणी चालवून दुरुस्त केला, पुन्हा सुरू केलं. यादी आली आणि राहिली.

सरांना ते दिवाळी अंक मात्र हवेच होते. म्हटलं, अंकागणिक वेगळी फाइल करा आणि एकेक चढवा. "भाच्याला सांगतो," म्हणाले. मी म्हटलं, भाच्याला नको, तुम्हीच बसा. त्यांना स्टुलावर बसवून एक फाइल त्यांच्याच हाताने चढवून घेतली. कॉपी संपल्यावर त्यांचा हात केबलकडे गेला, तसा पोरगा ओरडला, "सर, आधी संगणकावर इजेक्ट करा, मग केबल काढा!"

मुख्याध्यापकांनी हात मागे घेतला. दोनशे रुपये घेतले, डेटाची केबल आणि तोंडाला लावायचं रबरी बूच वेगळं. चार्जिंगचा स्विचबोर्ड त्या खिडकीतून हलवा, हेही सांगितलं. त्यावर सर म्हणाले, "ते भावाला विचारावं लागेल, विजेचा मीटर त्याच्या नावावर आहे."