पेन्सिलीच्या फुल्या

आमच्या सदाशिव पेठेतील कार्यशाळेत संवर्धनासाठी येणाऱ्या कागदांमध्ये सनदा, पोथ्या आणि वाड्यांचे जुने दस्तऐवज यांचाच भरणा असतो. मुलांचे पुस्तक क्वचितच येते, कारण मुलांची पुस्तके हाताळून हाताळून झिजतात आणि शेवटी रद्दीत जातात. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात शनिवार पेठेतील एक वयस्कर गृहस्थ धोतराच्या पानात गुंडाळलेले, लेखक-चित्रकार पामर कॉक्स यांचे ‘द ब्राउनीज : देअर बुक’ घेऊन आले, तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून मी ते आधी पाहायला घेतले.

हे पुस्तक न्यूयॉर्कच्या सेंच्युरी कंपनीने 1887 साली काढले. कॉक्स यांचा जन्म 1840 साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात, ग्रॅन्बी येथे झाला आणि 1924 साली तेथेच त्यांचे निधन झाले. बालपणी आसपासच्या स्कॉटिश वस्तीत ऐकलेल्या गोष्टींतून त्यांना ही इवलीशी माणसे सापडली. स्कॉटिश लोककथांमधील ब्राउनी रात्री घर झोपी गेल्यावर येतो, राहिलेली कामे उरकतो, थोड्या खोड्या काढतो आणि माणसाच्या दृष्टीस पडत नाही. आपल्याकडचा पिंपळावरचा मुंजा किंवा वाट चुकवणारा चकवा मुलांना घाबरवण्यासाठी सांगितला जातो. ब्राउनींची मात्र भीती वाटत नाही, उलट ते आपल्याही घरी यावेत असे वाटते. कॉक्स यांनी त्यांची टोळीच उभी केली. 1883 पासून ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकात यमकबद्ध पद्यांसह ती चित्रे येऊ लागली आणि पुढे त्यांच्या पुस्तकांची मालिकाच झाली. कधी हे ब्राउनी शाळेत शिरतात, कधी सायकली चालवतात, कधी एखाद्या शेतकऱ्याचे उभे पीक रातोरात कापून देतात.

पुस्तकाची अवस्था बिकट होती. कणा सुटला होता, पुठ्ठ्याचे कोपरे ओलाव्याने फुगले होते, काही फर्मे (एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे) शिवणीतून निसटले होते आणि फाटलेल्या पानांवर कुणीतरी चिकटपट्टी लावून ठेवली होती. चिकटपट्टीचा गोंद वर्षांनुवर्षे कागदात मुरतो, पिवळा पडतो आणि शेवटी अक्षरांनाही तपकिरी करून टाकतो. ती काढणे हे आमच्या कामातले सर्वांत चिकाटीचे काम. आधी कोमट पात्याने वरची पट्टी सोडवायची, मग राहिलेला गोंद क्रेपच्या रबराने अलगद गोळा करायचा आणि त्यानंतरच, शाई विरघळत नाही याची कोपऱ्यात चाचणी घेऊन, कापसाच्या बोळ्याने द्रावक लावायचे. हे सगळे करावे, असे पुस्तक घेऊन आलेल्या काकांनाही वाटत होते. त्यांची एक मागणी मात्र मला अडचणीत टाकणारी होती.

“ह्या पेन्सिलीच्या रेघोट्याही पुसून टाका. पोरांनी पुस्तक घाण करून ठेवलंय. नातीच्या हातात मला ते स्वच्छ द्यायचंय,” असे ते म्हणाले.

मी एकेक पान तपासू लागले, तेव्हा त्या रेघोट्यांना काहीतरी शिस्त आहे असे जाणवले. जवळजवळ प्रत्येक चित्राच्या कडेला एक छोटी फुली होती आणि त्या फुलीच्या समोर नेहमी तोच ब्राउनी होता. उंच टोपी, एका डोळ्यावर भिंग आणि हातात काठी असलेला हा छानछोकी गृहस्थ मूळ वाचकांचाही लाडका होता. काही पानांवर दुसऱ्याच हाताने पोलीस-ब्राउनीभोवती वर्तुळे केलेली होती. म्हणजे दोन मुलांनी आपापला गडी निवडून त्याला गर्दीत हुडकले होते.

या चित्रांची रचनाच तशी आहे. शाईच्या बारीक रेषांनी काढलेल्या एकेका दृश्यात टोळीच्या टोळी दाटलेली असते. कुणी दोरीला लोंबकळतो, कुणी पाठीवर पडतो, कुणी दुसऱ्याच्या आडून डोकावतो, आणि त्या गर्दीत पोशाखावरून ओळखू येणारी पात्रे चित्रकाराने पानोपानी पेरून ठेवलेली असतात. (त्यांतील चिनी माणसासारखी काही पात्रे त्या काळच्या साचेबंद कल्पनांवर बेतलेली आहेत, आणि आजच्या मुलाला पुस्तक देताना मोठ्यांनी त्याविषयी बोलले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.) पद्ये एकदा वाचून होतात, पण चित्रांतला शोध संपत नाही. या आकृत्यांची मोहिनी इतकी होती की 1900 साली कोडॅकने एक डॉलर किमतीचा कॅमेरा काढला, तेव्हा त्याला ब्राउनी हेच नाव दिले आणि खोक्यावर याच बुटक्यांची चित्रे छापली.

हे मी काकांना सांगितले. त्याबरोबर तांत्रिक कारणही सांगितले, की पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमुळे कागदाला अपाय होत नाही. उलट इतक्या ठिसूळ पानावर खोडरबर घासला तर तंतू उचकटतात आणि शेजारची छपाईही फिकट होते. त्यांना ते लगेच पटले नाही. “पण पुस्तक जुनाट दिसेल ना?” असे त्यांनी पुन्हा विचारले.

तेवढ्यात एका चित्राखाली बाळबोध अक्षरांत लिहिलेले ‘इथे नाही’ हे शब्द मी त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावला. हे अक्षर थोरल्या अक्काचे असावे, वडिलांनी पुस्तक जुन्या बाजारातून आणले तेव्हा ती मराठी शाळेत होती आणि त्यातले इंग्रजी घरात कुणा मुलाला वाचता येत नव्हते, असे ते सांगू लागले. आणि सांगता सांगता त्यांचे बोट त्या चित्रावरून फिरू लागले. “आहे की हो! हा बघा, टोपीच तेवढी दिसतेय,” असे म्हणून त्यांनी डाव्या कोपऱ्यातल्या घोळक्यावर बोट ठेवले. मी भिंग लावून पाहिले. टोपी खरोखरच होती.

फुल्या आणि वर्तुळे ठेवायची, चिकटपट्टी व बुरशीचे डाग काढायचे, असे त्यानंतर ठरले. फाटलेल्या जागा मी गव्हाच्या खळीने जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) लावून सांधल्या, टीपकागदात दाबून वाळवल्या आणि सुटलेले फर्मे जुन्याच छिद्रांतून पुन्हा शिवले. मूळ चित्रमय पुठ्ठा कायम ठेवून केवळ कणा नवा केला. दोन पाने कायमची हरवली होती. पुस्तक स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झालेले असल्यामुळे त्या पानांच्या छापील प्रती मिळवता आल्या, परंतु त्या मी शिवणीत घेतल्या नाहीत. आम्लरहित कागदाच्या पाकिटात त्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत सुट्या ठेवल्या आहेत आणि त्या नव्या आहेत अशी नोंद पाकिटावर केली आहे.