२२ मिलिमीटरचा रोलर

सायकलला इंजिन बसवलंय म्हटल्यावर लोक एकच विचारतात, "किती पळते?" थांबते कशी, हे आजवर फक्त आमच्या आईनं विचारलं.

तासगावात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पॉवर स्प्रे, ग्रास कटर, छोटी पेट्रोल इंजिनं. ऑक्टोबरची फळछाटणी झाली आणि आभाळ भरून आलं की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं द्राक्ष बागायतदार पंप घेऊन दारात उभे. तेव्हा मला जेवायला सवड नसते. द्राक्षं उतरून गेली, बेदाण्याची शेडं भरली, की दुकान सैल पडतं. तेवढ्या काळात हा नाद चालतो.

इंजिनं आपोआप जमतात. ग्रास कटर उसाच्या बांधावर, दगडात, तारेत कसाही घातलेला असतो. दांडी वाकते, पुढचा गिअरहेड फुटतो, पण इंजिन ठणठणीत असतं. मालक म्हणतो, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच, नवीन घेतोय." अशी इंजिनं मांडणीवर येऊन बसतात आणि मग रिकाम्या हातांना गप्प बसवत नाही.

दुसऱ्याच यंत्राचं इंजिन काढून सायकलला लावायची ही अक्कल काही माझी नाही. १९४६ मध्ये जपानात सोइचिरो होंडांनी हेच केलं. युद्ध संपल्यावर लष्कराच्या वायरलेस सेटचे जनरेटर पडून होते, त्यांची छोटी इंजिनं त्यांनी सायकलींना जोडली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून शेकायचं गरम पाण्याचं भांडं लावलं होतं. आमच्या भागात तर सायकल आणि कारखाना यांचं नातं त्याहून जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानापासून. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती इथून जवळच. त्या बाजूला आजही लेथवर हात बसलेली माणसं भेटतात. माझे रोलर, म्हणजे टायरवर दाबून चाक फिरवणारे लोखंडी दांडके, तिकडचेच एक रिटायर झालेले टर्नर करून देतात. पैसे घेत नाहीत, द्राक्षाचे घड द्यावे लागतात, तेही सोनाका जातीचेच.

सायकल जुनी काळी ॲटलस. २८ इंची, दांडीच्या ब्रेकची, मागे दुधाचे कॅन लावायचं जाड कॅरियर. नवीन गिअरवाल्या सायकलला मी इंजिन लावत नाही. पातळ ॲल्युमिनियमची फ्रेम थरथर सोसत नाही आणि क्लॅम्पनं दबते. जुन्या ॲटलसची नळी पोलादाची, मागच्या चाकाला ४० स्पोक, पुढच्याला ३२. वजन सोसायलाच जन्मलेली सायकल ती.

इंजिन ३५ सीसीचं, फोर स्ट्रोक, साधारण सव्वा हॉर्सपॉवर. कॅरियरवर आडवं बसतं. त्याच्या क्लच ड्रमच्या शाफ्टवर लोखंडी रोलर, आणि तो रोलर थेट मागच्या टायरवर दाबलेला. चेन नाही, स्प्रॉकेट नाही. फ्रान्समध्ये व्हेलोसोलेक्स नावाची गाडी १९४६ पासून १९८८ पर्यंत याच तत्त्वावर निघाली, फक्त तिचा रोलर पुढच्या चाकावर. चेनच्या भानगडीत मी मुद्दामच पडलो नाही. हे इंजिन ६५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६५०० फेऱ्यांना, खुशीत असतं. २८ इंची चाक ताशी २५ किलोमीटरला मिनिटाला जेमतेम १९० फेरे मारतं. म्हणजे ३४ ला १ चं रिडक्शन पाहिजे, इंजिनाचे ३४ फेरे झाले की चाकाचा एक. चेननं ते करायचं तर दोन टप्पे, मधला शाफ्ट, चार बेअरिंगं. रोलर ते एका घासात करतो.

रोलरचं गणितही शाळकरी पोराला जमेल असं आहे. रोलरचा घेर गुणिले आरपीएम, झाला वेग. चाक केवढंही असू द्या, फरक पडत नाही, कारण रोलर जेवढा रबरावरून सरकतो तेवढीच सायकल पुढे जाते. ३२ मिलिमीटरचा रोलर लावला तर ६५०० ला ताशी ३९ किलोमीटर निघतात. २५ चा लावला तर साडेतीस. २२ चा लावला तर २७.

इथं सगळे ३२ मागतात. मी २२ लावतो. कारण खालच्या टोकाला, म्हणजे कमी वेगाला आहे. ग्रास कटरचा क्लच सेंट्रिफ्यूगल असतो. आत दोन शू, स्प्रिंगनं ओढून धरलेले. आरपीएम वाढले की ते बाहेर फेकले जातात आणि ड्रमला पकडतात. पूर्ण पकड येते ४००० च्या आसपास. आता ३२ च्या रोलरवर ४००० म्हणजे ताशी २४ किलोमीटर. त्याच्या खाली क्लच अर्धवट घासतच राहणार. म्हणजे प्रत्येक वेळी स्कूटर टॉप गिअरमध्ये उचलल्यासारखं. पाणंदीत चिखल, वळण, समोरून म्हैस, वेग सतत पंधरा-वीसचा, आणि क्लच बिचारा जळतोय. जळक्या शूचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. २२ च्या रोलरवर क्लच १६-१७ ला पक्का धरतो. तोवर पायडल मारायचं. पायडल आहेच की! सायकल आहे ती.

रोलर ईएन-एट पोलादाचा, वरून नर्लिंग केलेला, म्हणजे पकडीसाठी खाचा पाडलेला. नर्लिंग किती खरबरीत ठेवायचं यावरून टर्नर काका आणि माझं वाजतं. खरबरीत केलं तर पकड चांगली, पण टायर खिसणीवर धरल्यासारखा जातो. काका म्हणतात, "बारीक ठेव, आणि हवा टाइट मार." त्यांचं बरोबर आहे. टायर मऊ असला की रोलर रबरात रुततो, ताकद रबर मळण्यातच जाते आणि टायर गरम होतो. हवा टाइट असेल तर रोलर थोडासाच दाबला तरी धरतो. मागचं मडगार्ड रोलरला जागा करायला कापावं लागतं, त्यामुळे रबराची काळी भुकटी थेट पाठीवर. माझ्या प्रत्येक शर्टाच्या पाठीवर मणक्याच्या रेषेत एक काळा पट्टा आहे. बायकोनं दोन शर्ट नेमून दिलेत, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

पावसात हा प्रकार चालत नाही. टायर ओला झाला की रोलर नुसता फिरतो, इंजिन बोंबलतं आणि आपण पायडल मारत घरी येतो. एक लिव्हर ओढली की रोलर वर उचलला जातो एवढी सोय केलीय.

आता ब्रेक. दांडीच्या ब्रेकचे रबर रिमला आतल्या बाजूनं लागतात, आणि रिम स्टीलची, क्रोमची. कोरडी असेल तर ठीक, ओली असेल तर ब्रेक म्हणजे नुसती प्रार्थना. हे ब्रेक पंधराच्या चालीसाठी केलेत. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, ते पाणंदीत कुठून आणणार? म्हणून २७ च्या वर जायचंच नाही, हा माझा नियम. कुणी कितीही चिडवू दे. ब्रेक रबर नवे, दांड्यांच्या सगळ्या सांध्यांतला खेळ काढलेला, आणि हँडलला इंजिन बंद करायचं बटण डाव्या अंगठ्याखाली. इंजिन बंद करणं हा ब्रेकच धरा.

चाक मात्र मी स्वतः बांधत नाही. ते मिरजेच्या चाचांकडे. चाकाचा आउट, म्हणजे डुगणं काढायला त्यांच्यासारखा माणूस नाही. काटा-बिटा काही लावत नाहीत, सायकल उलटी करतात, चाक फिरवतात, अंगठ्याचं नख रिमजवळ धरतात आणि आवाज ऐकतात. मग सगळे स्पोक एकेक टिचकी मारून तपासतात. सगळ्यांचा सूर एक पाहिजे. पहिल्यांदा इंजिनाची सायकल घेऊन गेलो तेव्हा हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "ह्या म्हातारीला का छळतोयस रे?"

"चाचा, तुम्ही फक्त मागचं चाक बघा."

"बघतो. पण हे पहिल्या आठवड्यात ढिलं होणार. तेव्हा परत आण. मग नाही होणार."

तसंच झालं. रोलरची थरथर सरळ रिममध्ये उतरते, नवे स्पोक आपापल्या जागी बसतात, निपल फिरतात. दुसऱ्यांदा ताणल्यावर चाक बसलं ते बसलंच.

थरथर हाच या नादातला खरा गडी. इंजिन बसवणं एका दुपारचं काम आहे. पण ते बसलेलं राहणं वेगळं. साधा नट माळावरच्या एका फेरीत निघून जातो. सगळीकडे नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले नट लावायचे, जिथे नायलॉक बसत नाही तिथे आट्यांना थ्रेड लॉकरचा डिंक. इंजिनाच्या खाली रबर बुश. ब्रॅकेट जाड पट्टीचं करावं आणि त्याला कोन द्यावा, सपाट पट्टी वाकवून सोडली की वेल्डिंगच्या शेजारी बारीक चीर जाते. चीर वेल्डिंगमध्ये दिसत नाही, शेजारी दिसते, तिथंच रॉकेलचं फडकं फिरवून बघायचं. फ्रेमला भोक पाडायचं नाही, कधीच नाही.

आणि ट्यूनिंग? बहुतेकांना वाटतं ट्यूनिंग म्हणजे सायलेन्सर कापणे. कापून फक्त आवाज वाढतो आणि शेजारी बोलायचे बंद होतात. या छोट्या फोर स्ट्रोकला मी आधी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे फट बघतो. इनलेटला ०.०८, एक्झॉस्टला ०.११ मिलिमीटर, इंजिन थंड असताना. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, लांबतो, म्हणून त्याला मोकळीक जास्त. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो आणि ही फट आपोआप मिटत जाते. मग इंजिन थंड असताना सुरू होतं आणि गरम झालं की दोरी ओढून हात दुखतात. असली इंजिनं लोक "कार्ब्युरेटर बिघडला" म्हणून आणतात.

कार्ब्युरेटर बिघडतोही, पण त्याची गोष्ट वेगळी. या इंजिनांचा कार्ब्युरेटर डायफ्रामचा असतो. रुपयाच्या नाण्याएवढा, अगदी पातळ पडदा, हात लावला की फुलपाखराच्या पंखासारखा हलायला पाहिजे. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पेट्रोल टाकीत महिनोन् महिने राहिलं की पडदा आणि नळ्या कडक होतात. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच आहे, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे फुल थ्रॉटलला इंजिन अडखळतंय आणि चोक अर्धा ओढल्यावर सुधारतंय. मग मेन स्क्रू थोडा उघडायचा. पण त्याआधी कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला जोड बघायचा. थरथरीनं तिथले बोल्ट सैल होतात, पॅकिंगमधून फाजील हवा जाते आणि लक्षणं अगदी तीच. इंजिन चालू ठेवून जोडावर क्लीनर फवारायचा. आवाज बदलला की गळती तिथेच.

गंमत बघा. गळीत हंगामात दुकानासमोरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात. तो ऊस कारखान्यात जातो, मळीचं इथेनॉल होतं, पंपावर येतं, आणि माझ्याकडे परत येतं कडक झालेल्या डायफ्रामच्या रूपात. ऊस पिकवणारा आणि कटर दुरुस्तीला आणणारा बहुतेक वेळा एकच. त्याला हे सांगितलं की तो हसतो आणि बिलात कमी करायला सांगतो.

"रस्त्यावर चालते का?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहन मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलंय. त्याच्या वर गेलं की ते मोटार वाहन. नंबर, पासिंग, विमा, सगळं आलं. माझं ३५ चं, म्हणून ते आमच्या बागेच्या वाटेवर आणि माळावर, घरच्याच जमिनीत. पोरांनी युट्यूबवर बघून ८० सीसीचे टू स्ट्रोक किट मागवू नयेत, निदान मागवून सांगली-मिरज रोडवर तरी काढू नयेत. त्यात बहुतेक ८० लिहिलेली किटं मोजली तर ६६ भरतात. ४७ बोअर, ३८ स्ट्रोक, करा गुणाकार.

सध्या मांडणीवर २५ सीसीचं एक फोर स्ट्रोक आलंय. बोअर ३५, स्ट्रोक २६. π धरून हिशेब केला तर २५.०१ येतात, पण कंपनी २५ म्हणते, मीही २५ म्हणतो. ताकद एक हॉर्सपॉवरच्या आत. त्याला २२ चा रोलरही माळाच्या चढाला जड जाईल. २० चा लागेल, म्हणजे ६५०० ला साडेचोवीस किलोमीटर आणि क्लच पंधराला धरणार. टर्नर काकांना माप पाठवलंय. बाहेरचा २०, आतलं भोक १२, नर्लिंग बारीक. ते म्हणाले भिंत चार मिलिमीटरचीच राहते, चावीची खाच पाडू नकोस, पिन मार.